जिभेखालची गोळी

डॉ. निरंजन कोठावदे आमच्या केंद्रात शिकायला येणार हे मला कळलं त्या दिवशी संकष्टी होती. माझा उपास असतो हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे माझा उतरलेला चेहरा पाहून कुणी काही विचारलं नाही. संचालक एवढंच म्हणाले, "खैरनार मॅडम, मोठं नाव आहे. धुळ्यातले निम्मे गुडघे त्यांच्या हाताखालून गेलेत. जरा सांभाळून घ्या."

"घेईन ना सर," मी म्हणाले.

मी चढ्या आवाजात बोलत नाही. उभी नोकरी वॉर्डात नर्स म्हणून गेली, आता नर्सना आणि डॉक्टरांना शिकवते. पहाटे अंघोळ, देवापुढे दिवा, पोथीचा एक अध्याय, मग केंद्र. आणि गेली सहा वर्षं माझं जेवण अळणी असतं. लोकांना वाटतं, देवीचं व्रत आहे. व्रतच आहे. माझ्या लेकीच्या, केतकीच्या, तेराव्याला मी तळहातावर पाणी घेतलं आणि संकल्प सोडला, की ज्या माणसानं तिला त्या खोलीत कोंडलं त्याच्या अंगात तिचं दुखणं शिरेपर्यंत मी मीठ खाणार नाही. देवीपुढे असला संकल्प सोडू नये हे मला कळत होतं. म्हणून मोठ्यानं बोलले नाही, मनात म्हणाले.

तो माणूस म्हणजे डॉ. कोठावदे.

केतकी राज्याच्या संघातून कबड्डी खेळायची. चढाई तिची. उजव्या गुडघ्याचा सांधा निसटला, कोठावदेंनी ऑपरेशन केलं, आणि ते उत्तम झालं हे मी आजही नाकारत नाही. पण नंतर त्यांनी दुखणं मारायच्या ज्या गोळ्या लिहून दिल्या त्या अफूच्या कुळातल्या होत्या. 'लागतील तशा घे' म्हणाले. तिला लागत गेल्या. गुडघा बरा झाला तरी लागत राहिल्या. ती पुन्हा मागायला गेली तेव्हा त्यांनी तिला नशेबाज म्हटलं आणि आपल्याच हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत ठेवलं. दाराला बाहेरून कडी. औषध काही नाही, फक्त सलाईन. अंगातलं औषध सगळं निघून गेल्यावर तिला घरी सोडताना स्टाफनं टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. आठवड्याच्या आत केतकी गेली.

त्यानंतर काळ बदलला. असल्या गोळ्यांनी गावंच्या गावं पोखरली, तेव्हा सरकारला कायदा करावा लागला. आता कोणताही डॉक्टर कडक वेदनाशामक लिहू लागला की आधी त्याचं व्यसनोपचाराचं प्रशिक्षण झालंय का ते संगणक बघतो. नसेल तर चिठ्ठीच निघत नाही. आणि त्या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे आमची टोपी. यंत्राचं नाव सहवेद. आम्ही टोपीच म्हणतो.

वर्गात मी ते असं समजावते. मेंदूच्या बुंध्याशी निळसर पेशींचा एक ठिपका असतो. ती शरीराची धोक्याची घंटा. अफूच्या कुळातलं औषध त्या घंटेवर हात ठेवून बसतं. शरीर काय करतं, तर हात असूनही ऐकू जावं म्हणून घंटा दिवसेंदिवस जोरात वाजवायला शिकतं. मग एक दिवस हात एकाएकी निघतो. घाम, थरथर, पोटात पीळ, अंगावर काटा, जीव जाईल अशी भीती. याला नाटक म्हणणारे डॉक्टर आम्ही पिढ्यान्पिढ्या तयार केले. टोपी बारीक ध्वनिलहरींनी नेमक्या त्या ठिपक्याला जागं करते. सुई नाही, औषध नाही. बंद केली की काही मिनिटांत सगळं शांत. पण लहरी कोणत्या क्रमानं सोडायच्या ते मनानं ठरवलेलं नसतं. खऱ्या रुग्णांच्या मेंदूची त्या दिवसांतली नोंद घेऊन ठेवलेली असते, तिला आम्ही ठसा म्हणतो. एकाचं दुखणं जसंच्या तसं दुसऱ्याच्या अंगात उतरतं. टोपी घालून गेलेला डॉक्टर पुन्हा पेशंटला 'नाटक करू नकोस' म्हणत नाही.

आमच्याकडच्या ठशांत एक सगळ्यांत जहाल आहे. प्रशिक्षणार्थी त्याला नागीण म्हणतात.

"मॅडम, मला नागीण नका देऊ," सुमित्रा पावरा त्या दिवशी वर्गात म्हणाली. ती धडगावहून आलेली नर्स, सातपुड्यातली चार आरोग्य केंद्रं तिच्याकडे. "घरी नवरा आहे तेवढं पुरे."

वर्ग हसला. "अगं, चावते कुठं माहितीये का?" कुणीतरी म्हणालं. "गुडघ्याला. ज्याला देतात तो उजवा गुडघा धरून बसतो."

मीही हसल्यासारखं केलं. तो ठसा केतकीचा. ती त्या कडीबंद खोलीत असताना पुण्याची संशोधक मंडळी मेंदूची नोंद घेणारी पहिली टोपी घेऊन आली होती. संमतीपत्रावर तिच्या सहीखाली माझी सही आहे. वाटलं होतं, निदान कुणीतरी तिच्याकडे बघतंय.

*

डॉ. कोठावदे इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. मला त्यांनी ओळखलं नाही. आडनाव दोनदा ऐकूनही नाही.

"सिस्टर, हे किती वेळ चालणार? दीडला मला ऑपरेशन आहे."

"तुमच्यावर आहे सर. आधी पेशंटशी बोलायचं, मग टोपी."

पेशंट म्हणजे आमचा एक नट. तो कण्हत येतो, औषध मागतो, आणि शिकणाऱ्यानं आपल्या दवाखान्यात बोलेल तसंच त्याच्याशी बोलायचं. ते आम्ही ध्वनिमुद्रित करतो. नंतर टोपीतलं दुखणं टोकाला पोचलं की शिकणाऱ्याला त्याचाच आवाज कानात ऐकवतो. पुष्कळ जण तिथेच रडतात.

नट पाय ओढत आला. कोठावदेंनी त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही.

"हे बघ, औषधानं औषध सुटत नसतं," ते म्हणाले. "मनाची ताकद लागते. दात दाबून चार दिवस काढ. तुझ्यासारखे पुष्कळ बघितलेत मी. माझ्यापुढे नाटक नको."

शब्द जवळपास तेच. केतकीला बोलले तेव्हा मी तिची पिशवी धरून शेजारी उभी होते.

ठसा कोणता द्यायचा हे नियमानं मीच ठरवते. मी नागीण लावली. त्यांना आडवं केलं, टोपीचे पट्टे बसवले, थांबायचं बटण हातात दिलं आणि यंत्र सुरू केलं. कुणाचंही कपाळ थोड्याच वेळात घामानं भरतं. मी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिले. सहा वर्षं मी या कपाळाची वाट पाहिली होती.

कपाळ कोरडं राहिलं.

नाडी संथ, श्वास संथ. लहरी वाढत टोकाला गेल्या, गुडघा हलला नाही. यंत्रानं त्यांचाच आवाज त्यांच्या कानात सोडला, तेव्हा त्यांनी मान डोलावली, स्वतःचंच बोलणं पटल्यासारखी.

"झालं?" ते उठून बसले. "सांगत होतो ना मी, सगळा मनाचा खेळ आहे. द्या तुमचं प्रमाणपत्र."

यंत्र ठीक होतं. सकाळी मी स्वतःवर लावून पाहिलं होतं. मी रोज लावते. मी खोलीतला दिवा आणखी मंद केला आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. अंधुक उजेडात बाहुल्या मोठ्या व्हायला हव्यात. त्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या.

घंटेवर आधीच कुणाचातरी हात होता.

प्रथम मला संताप आला. माझ्या पोरीला हे मिळालं नाही म्हणून ती तडफडली, आणि हा तेच घेऊन माझ्यापुढे सुखात निजला होता. नंतर जे वाटलं ते लिहायला संकोच होतो. मला आनंद झाला.

मी दार लोटलं. "सर, शेवटची गोळी कधी घेतली?"

"कसली गोळी?"

"तुम्ही लिहून देता तीच."

"सिस्टर, कुणाशी बोलताय तुम्ही?"

"पेशंटशी," मी म्हणाले.

ते मोठ्यानं काही बोलायला गेले आणि मध्येच विझले. बराच वेळ टोपीचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "पाठ. ऑपरेशनात एक्स-रे चालू असतो, शिशाचा एप्रन घालून उभं राहायचं तासन् तास. आधी अर्धी घ्यायचो." नंतर किती घ्यायचे ते सांगितलं नाही. "कुणाला कळलं तर मी संपलो."

संपवणं माझ्या हातात होतं. एक फोन पुरे होता. पण कायद्यात सोय आहे, की आरोग्यसेवेतला माणूस स्वतःहून उपचाराला आला तर त्याचं नाव बाहेर फुटत नाही. सावरेपर्यंत ऑपरेशनं बंद, एवढंच. मी ती सोय त्यांना समजावून सांगितली. फोन केला असता तर ते घरी बसले असते, वकील आणला असता. मला ते दूर नको होते.

"मग आत्ताच द्या ना तुमचं ते औषध," ते म्हणाले. "जिभेखाली ठेवतात ते. ब्युप्रेनॉर्फिन. आत्ता द्या, दीडपर्यंत मोकळा होतो."

त्या गोळीचा धोका हाडांच्या डॉक्टरला माहीत नव्हता. ती गोळीही घंटेवर हातच ठेवते, पण सौम्य, स्थिर हात. माणूस त्यावर कामधंदा करतो, संसार करतो. मात्र ती आली की आधीच्या औषधाला तिथून हुसकावून लावते. आधीचं अजून अंगात भरलेलं असताना दिली तर सगळा चढ एका झटक्यात उतरतो, आणि माणूस अर्ध्या तासात नरकात जातो. म्हणून आधीचं ओसरू द्यायचं, लक्षणं मोजायची, आणि आकडा ठरलेल्या जागी पोचला की मगच गोळी. आमच्या शिकवणीतला हा पहिला धडा.

तो माणूस हात पुढे करून ती गोळी मागत होता. पाकीट माझ्या कपाटात होतं. पेशंटनंच हट्ट केला असं म्हणता आलं असतं.

"आज नाही," मी म्हणाले. "आज संध्याकाळनंतर काही घेऊ नका. उद्या सकाळी उपाशी या."

दया आली म्हणून नाही थांबले. अर्ध्या तासात आलेलं दुखणं मला नको होतं. मला हळूहळू येणारं हवं होतं.

*

पहिली गोळी कुणी एकट्यानं द्यायची नाही, असा नियम आहे. एकानं लक्षणं मोजायची, दुसऱ्यानं पडताळायची. मी सुमित्राला बोलावलं. तिला सरावही हवा होता. कोठावदे म्हणाले, "ती पहाडातली ना? चालेल. ती कुणाला ओळखत नाही."

"ओळखते ना सर," सुमित्रा म्हणाली. "माझ्या मामाचा खुबा तुम्हीच बसवला. थोडा वाकडा बसलाय, पण चालतो."

सकाळी ते आले तेव्हा जांभया देत होते. नाक गळत होतं. बाहुल्या आता मोठ्या झाल्या होत्या, काळ्याभोर. सुमित्रा प्रत्येक लक्षण बघायची, त्याला गुण द्यायची, बेरीज मोठ्यानं सांगायची.

"सहा, मॅडम."

"थांबू."

ते चकरा मारू लागले. मग खुर्चीत बसले, मग उठले. हातावर काटा उभा राहिला, कोंबडीच्या सोललेल्या कातडीसारखा.

"दहा. सर, पोटात कळ येते का? येते ना? मग अकरा."

"सिस्टर, द्या आता," कोठावदे म्हणाले.

"थोडं राहिलंय."

"पाया पडू का?"

मी फोन काढला आणि त्यांचा आदल्या दिवशीचा आवाज लावला. *औषधानं औषध सुटत नसतं. मनाची ताकद लागते. दात दाबून चार दिवस काढ.* ते ऐकत राहिले. या वेळी मान डोलावली नाही. सुमित्रानं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे.

"हे कशाला?" कोठावदे म्हणाले.

"केतकी खैरनार," मी म्हणाले. "आठवते?"

"कोण?"

"उजवा गुडघा. कबड्डी खेळायची."

ते थरथरत होते, तरी त्यांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, आणि तिच्यामागून चक्क समाधान. "ती मुलगी. हो, हो. ती सुटली ना. स्टाफनं टाळ्या वाजवल्या होत्या. मी भाषणात सांगतो तिचं उदाहरण, नाव न घेता." मग माझ्या आडनावाशी त्यांची नजर येऊन थांबली. "तुम्ही आई? कशी आहे ती?"

त्यांना माहीतच नव्हतं. सहा वर्षं ते माझ्या मेलेल्या पोरीला आपलं यश म्हणून मिरवत होते.

"तुम्ही सोडलंत त्या आठवड्यात ती गेली," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच होता. "आठवडाभर कोंडून तुम्ही तिच्या शरीराला औषधाची सवय विसरायला लावली. तलफ मात्र तशीच होती. ती घरी आली आणि आधी घ्यायची तेवढ्याच गोळ्या घेतल्या. आधी पचत होत्या. आता श्वास थांबला. हे असं होतं, हे कोणत्याही पुस्तकात होतं सर. तेव्हाही होतं."

त्यांनी तोंडावर हात धरला आणि कोपऱ्यातल्या भांड्यात ओकले. सुमित्रानं त्यांची पाठ धरली.

"तेरा," ती पुसता पुसता म्हणाली. "झाला आकडा, मॅडम."

"थांब," मी म्हणाले.

ते जमिनीवर बसले. पाय आपोआप झटके देत होते. घामानं तो इस्त्रीचा शर्ट अंगाला चिकटला.

"पंधरा, मॅडम."

"अजून नाही."

हेच. हेच मला हवं होतं. माझ्या आत काहीतरी शांत होत होतं, देवघरात बसल्यावर होतं तसं. हे मी लपवणार नाही. ते माझ्या साडीचा काठ धरून 'ताई' म्हणाले. केतकीनं त्यांचा एप्रन असाच धरला होता, आणि त्यांनी तो सोडवून घेतला होता. मी काठ सोडवून घेतला.

"अठरा," सुमित्रा म्हणाली. मग जरा घुटमळली. "मॅडम, एक विचारू? तुम्ही वर्गात तेराला द्यायची म्हणाल्या. इथं अठराला पण थांबवताय. म्हणजे तसंच करायचं असतं का? पक्कं सांगा. मी घरी गेले की चार केंद्रांच्या पोरींना शिकवणार. त्या मी सांगेन तसंच करतील."

तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती. ती खरंच विचारत होती, आणि तेच वाईट होतं. नर्मदेकाठच्या कुठल्यातरी झोपडीत कुणाची तरी पोर जमिनीवर वळवळतेय, आणि सुमित्रानं शिकवलेली नर्स वर उभी राहून माझ्याच हळू आवाजात म्हणतेय, अजून नाही. तिथं माझा कुणी शत्रू नव्हता. माझ्या पोरीचं दुखणं एका ठशात घालून मी राज्यभर वाटत आले होते. आता माझा सूडही तसाच वाटला जाणार होता. बाहेरून लावलेली ती कडी माझ्या हाताला लागली.

"नाही," मी म्हणाले. "तेरालाच द्यायची. मी उशीर केला. असं करायचं नाही."

पाकीट फोडून गोळी मी त्यांच्या जिभेखाली ठेवली. अर्ध्या तासात थरथर कमी झाली. पाय थांबले. दुसरी दिली. दुपारी ते भिंतीला टेकून बसले होते, धुऊन पिळलेल्या कपड्यासारखे, पण शांत. सुमित्रा पाणी आणायला गेली.

"माफ केलंत मला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग गोळी का दिलीत?"

"वेळ झाली होती म्हणून."

त्या दिवशी घरी जाऊन मी वरणात मीठ घातलं. संकल्प पुरा झाला होता. देवीला नैवेद्य दाखवला, सवाष्णीला जेवू घातलं, सगळं रीतीनं केलं. पहिला घास फार खारट लागला. दुसरा नेहमीसारखा. आणि मग लक्षात आलं की मन भरलेलं नाही. सहा वर्षं मी एका सकाळसाठी उपाशी राहिले आणि ती सकाळ अर्ध्यावरच मला माझ्याच हातानं संपवावी लागली.

एक व्रत उजवलं की दुसरं घ्यावं, असं आमच्याकडे म्हणतात. मी घेतलं.

*

पहिले काही महिने ती गोळी रोज केंद्रात येऊन, देणाऱ्याच्या समोर घ्यायची असते. गिळायची नाही. जिभेखाली विरघळू द्यायची, आणि तोवर बोलायचं नाही; बोललं की लाळेबरोबर पोटात जाते आणि वाया जाते. विरघळली की जीभ वर करून दाखवायची.

कोठावदे दुसऱ्या दिवशी सकाळी आले. मी गोळी ठेवली. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले.

श्रावणात आई कहाणी वाचायची तेव्हा आम्ही मुली मुठीत अक्षता धरून ऐकायचो. कहाणी संपेपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. ऐकणारा असला तरच कहाणी फळाला येते, असं आई म्हणायची.

"केतकी झाली तेव्हा तिचं वजन फार कमी भरलं," मी सुरुवात केली. "नर्स म्हणाल्या, जगेल का बघा. ती अशी मूठ आवळायची की बोट सोडवता यायचं नाही."

त्यांनी डोळे मोठे केले. मान हलवली. उठायला गेले.

"बसा सर. गोळी सांडेल."

ते बसले. गोळीशिवाय त्यांचा दिवस जाणार नव्हता, आणि ती देणारी मी होते. दुसऱ्या दिवशी मी केतकीच्या पहिल्या पावलांचं सांगितलं. मग बालवाडीत तिनं एका मुलाचा डबा पळवला ते. मग तिला कांजिण्या आल्या ते. रोज एक. मी ना त्यांना शिव्या दिल्या, ना आवाज चढवला. फक्त तिला त्यांच्यापुढे उभी करत गेले, अंगोपांगी, जिवंत, म्हणजे कुणाला मारलं ते त्यांना कळावं. कधी त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. पुसायला हात उचलला की मी थांबायचे. हात खाली गेला की पुढे सांगायचे. सुमित्रा प्रशिक्षण संपवून जाताना माझ्या पाया पडली आणि कानाशी म्हणाली, "मॅडम, हे काही पुस्तकात नाही."

"हे शिकवायचं नाही," मी म्हणाले. "हे माझं आहे."

उन्हाळ्याच्या सुरुवातीला महिन्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन आमच्याकडे आलं. स्थिरावलेल्या पेशंटला ते सुचवायचं असतं. रोज यावं लागत नाही, जिभेखाली काही धरावं लागत नाही. कोठावदे स्थिरावले होते. वजन वाढलं होतं, बाह्यरुग्ण विभागात बसत होते, आणि मी ऐकलं की कुणाला नशेबाज म्हणत नव्हते. नियमानं मला विचारणं भाग होतं. कपाळाला आठी घालूनच मी विचारलं.

"इंजेक्शन घेता? महिनाभर यायला नको."

ते "रोजचंच ठेवा," म्हणाले. "ती अजून दहावीतच आहे."

मला राग आला. शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट माणूस हात पुढे करून घ्यायला लागला की ती शिक्षा राहत नाही. तो आता तिच्यावर हक्क सांगू बघत होता, माझ्या पोरीच्या दहावीवर. त्या रात्री मी देवापुढे बसले आणि ठरवलं, मधली वर्षं सोडून द्यायची.

दुसऱ्या दिवशी गोळी ठेवली आणि मी शेवटचा दिवस सांगितला.

"सकाळी तिनं थालीपीठ मागितलं. दोन खाल्ली. म्हणाली, आई, आज गुडघा हलका वाटतोय. मग खोलीत गेली. कबड्डीच्या बुटात तिनं पाकीट लपवलं होतं, ते मला नंतर सापडलं. थोड्या वेळानं पाहिलं तर ती झोपली होती. घोरत होती. सहा महिन्यांत ती नीट झोपली नव्हती सर. सोडताना तुम्ही मला सांगितलं होतं, आता ती खूप झोपेल, झोपू द्या, उठवू नका. मी नर्स होते. ते घोरणं झोपेचं नसतं, श्वास बुडत असतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तुम्ही डॉक्टर होतात. मी मिक्सर बंद केला. शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाचं सांगायला आल्या, त्यांना दारातच हळू आवाजात म्हटलं, नंतर या, पोर किती दिवसांनी झोपलीय. पंख्याला कुरकुर होती म्हणून तो बंद केला आणि तिच्याशेजारी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. तुम्ही सांगितलं होतं म्हणून मी तिला उठवलं नाही. घोरणं थांबलं तेव्हा मला वाटलं, आता गाढ लागली."

त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. घशातून एक आवाज आला, पण तोंड उघडता येत नव्हतं. दोन्ही हात मांड्यांवर होते. उजव्या हातानं त्यांनी स्वतःचा उजवा गुडघा धरला होता, टोपीशिवाय.

मी वाट पाहिली.

"जीभ वर करा."

गोळी विरघळली होती. आता बोलायची मुभा होती. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला नाही.

"उद्या पुन्हा ती जन्मल्यापासून," मी म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.